विळीचा इतिहास कोणाच्या वहीत?

तलवारींचा इतिहास आपल्याला शाळेत शिकवतात. कोणती तलवार कोणत्या राजाची, ती आज कुठे आहे, सगळं पोरांना पाठ असतं. पण ज्या पात्यावर घराची दोन वेळची भाजी रोज चिरली गेली, त्याची नोंद कोणी ठेवलेली दिसत नाही. म्हणून आज विळीबद्दल बोलू या.

आपण विळी म्हणतो, कोकणात काही भागात तिला मोरळी म्हणतात, खानदेशात पावशी, गोव्यात आदोळी. नावं वेगळी, पण युक्ती एकच. सुरी हातात घेऊन भाजीवर चालवावी लागते. विळीचं पातं मात्र जागेवर उभं राहतं आणि भाजी त्याच्याकडे जाते. पाटावर पाय ठेवला की ती हलत नाही, दोन्ही हात मोकळे राहतात. मोठा भोपळा किंवा फणस समोर आला की या मोकळ्या हातांची किंमत कळते. पात्याच्या टोकाला दातेरी खवणी असली तर त्याच बैठकीत नारळही होतो. एवढं साधं अवजार, पण ज्याने कोणी पहिल्यांदा केलं त्याला (किंवा तिला, कोण जाणे) कामाची खरी जाण होती.

हे पातं गावचा लोहार घडवायचा. लोहार बारा बलुतेदारांपैकी एक. शेतकऱ्याच्या अवजारांच्या कामाबद्दल त्याला सुगीला धान्य मिळायचं. त्याच भट्टीत फाळ, विळे, कोयते आणि आपल्या विळ्या व्हायच्या. हाताने घडवलेलं पातं ओळखायला सोपं असतं. बारकाईने पाहिलं तर हातोड्याचे ठोके दिसतात, जाडी सगळीकडे सारखी नसते. आणि विळी किती वापरली गेली, हे तिच्या पोटावरून कळतं. जिथे हात रोज टेकतो, तिथे पातं झिजून आत जातं. पाजवून पाजवून मूळची रुंद विळी अर्ध्यावर आलेली मी कितीतरी घरांत पाहिली आहे. एका बाईचं आयुष्य त्या झिजेत असतं, असं मला वाटतं.

मग ही लोखंडी विळी मागे का पडली? गंज हे एक कारण. दुसरं म्हणजे वांगं, कच्चं केळं असं काही चिरलं की ते काळं पडतं. वांग्यातला तुरटपणा लोखंडाशी मिळून काळा रंग धरतो, म्हणून तर आपण फोडी पाण्यात टाकतो. याला उतारा निघाला इंग्लंडमधल्या शेफिल्ड शहरात. १९१३ मध्ये हॅरी ब्रेअर्ली नावाचा माणूस बंदुकीच्या नळ्यांसाठी लवकर न झिजणारं पोलाद शोधत होता. त्याने पोलादात सुमारे १३ टक्के क्रोमियम मिसळलं. त्या धातूवर आम्लाचा परिणाम होईना. युद्धाच्या सामानासाठी चाललेल्या कामातून असं स्वयंपाकघराचं स्टील निघालं. गंमत अशी की सुरुवातीच्या या सुऱ्यांना धार नीट लागेना, आणि न कापणाऱ्या सुऱ्या शोधणारा माणूस अशी लोकांनी त्याची टिंगल केली. पुढे ते जमलं. आज आपल्या घडीच्या विळीचं पातं बहुधा स्टीलचंच असतं. ते गंजत नाही हे खरं, पण दगडावर दोन हात मारून लोखंडी पात्याला जशी धार येते, तशी त्याला येत नाही. आपल्यातल्या जुन्या बायका हे सांगतात ते उगाच नाही.

आता जुन्या वस्तू जमवणाऱ्यांबद्दल. पुण्यात शुक्रवार पेठेत राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. दिनकर केळकरांनी १९२० च्या सुमारास जुन्या वस्तू गोळा करायला सुरुवात केली. राजा हा त्यांचा लहानपणीच गेलेला मुलगा, त्याच्या आठवणीसाठी संग्रहालयाला त्याचं नाव दिलं. पत्नी कमलाबाई या कामात बरोबर होत्या. १९७५ मध्ये हा सगळा संग्रह त्यांनी महाराष्ट्र सरकारला देऊन टाकला. वस्तू २० हजारांच्या घरात. त्यांत दिवे आहेत, अडकित्ते आहेत, स्वयंपाकघरातलं सामान आहे. सुपारी कातरायच्या साध्या अडकित्त्यालाही कारागिरांनी किती आकार दिले, ते तिथे पाहावं. घरातल्या वस्तूही जपण्यासारख्या असतात हे केळकरांनी ओळखलं, हा त्यांचा मोठेपणा. पण अशा कोणत्याही संग्रहालयात उभं राहिलं की मला एक प्रश्न पडतो. ही वस्तू रोज वापरणारी बाई कोण होती?

बाईचं नाव पात्यावर आलं, असं एक उदाहरण मला ठाऊक आहे, आणि ते चांगलं नाही. बंगालमध्ये विळीला बोटी म्हणतात, तिथे मासेही तिच्यावरच कापतात. १८७३ मध्ये तारकेश्वरच्या महंताचं प्रकरण बाहेर आलं तेव्हा एलोकेशी नावाच्या सोळा वर्षांच्या मुलीला तिच्या नवऱ्याने बोटीनेच मारलं. महंताला तीन वर्षांची सक्तमजुरी झाली. नवऱ्याला जन्मठेप झाली, पण लोकांनी त्याच्यासाठी अर्ज केले आणि १८७५ मध्ये तो सुटला. बाजारात मात्र एलोकेशीचं नाव घातलेल्या साड्या, पानाचे डबे आणि मासे कापायच्या बोट्या विकायला आल्या. लोकांनी त्या हौसेने घेतल्या. जिवंत असताना तिला विचारणारं कोणी नव्हतं.

आपल्याकडे पितळेच्या भांड्यावर नाव घालतात, तेही बहुतेक वेळा देणाऱ्याचं. विळीवर तेही नाही. म्हणून ती भंगारात सहज जाते. लोखंड घेणारा दारात आला की जुनी विळी किलोवर मोजली जाते, पाट चुलीत जातो.

गटाच्या कामानिमित्त मी घरोघरी जाते, तेव्हा माळ्यावर, गोठ्यात अशा विळ्या अजून दिसतात. त्या विकू नका. गंज काढायला पॉलिशपेपरने घासू नका, त्याने ठोक्यांच्या खुणा जातात. कोरड्या फडक्याने पुसा, खोबरेल तेलाचा हात फिरवा, पाट ओलीपासून आणि वाळवीपासून लांब ठेवा. पात्याला जाड कापड गुंडाळा, घरात मुलं असतात. आणि गटाच्या वहीत एक पान तिच्यासाठी राखा. विळी कोणाची, माहेरून आली की सासरी घेतली, कोणत्या गावच्या लोहाराने घडवली, तिच्यावर काय काय चिरलं, हे लिहा. घरातल्या म्हाताऱ्या बाईला विचारूनच लिहा. आणि तिचं स्वतःचं नाव लिहा. अमक्याची आई, तमक्याची सून असं नको.