केडगावच्या मुक्ती सदनातील परदेशी स्वयंसेविका

पुणे-सोलापूर लोहमार्गावरील केडगाव येथे पंडिता रमाबाईंनी वसवलेल्या मुक्ती सदनात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून परदेशी ख्रिस्ती स्त्रिया सेवाभावाने काम करायला येऊ लागल्या. मिशनच्या अनाथालयांत त्या काळी प्रमुखपद बहुधा गोऱ्या व्यक्तीकडे असे आणि देशी माणसे तिच्या हाताखाली. केडगावात हा क्रम उलटा होता. सातासमुद्रापलीकडून आलेल्या बायका तेथे एका मराठी विधवेच्या शब्दाबाहेर नव्हत्या. संस्थेचे खरे वेगळेपण यातच शोधावे लागते.

परदेशातून मदत प्रथम आली ती पैशाच्या रूपाने. रमाबाई 1883 मध्ये इंग्लंडला गेल्या आणि तेथेच ख्रिस्ती झाल्या. आनंदीबाई जोशी यांच्या वैद्यकीय पदवीदानासाठी 1886 मध्ये त्या अमेरिकेत पोहोचल्या. पुढच्याच वर्षी बॉस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन स्थापन झाले व त्याने दहा वर्षे अर्थसाहाय्याची हमी दिली. त्या बळावर 11 मार्च 1889 रोजी मुंबईत विधवा व मुलींच्या शिक्षणासाठी शारदा सदन उघडले आणि पुढे ते पुण्यास हलले. तेथे धर्मप्रसार होणार नाही असे ठरलेले होते. तरी मुलींना ख्रिस्ती केले जाते, या आरोपावरून 1893 मध्ये पुण्यात गदारोळ माजला आणि बऱ्याच पालकांनी मुली काढून नेल्या.

1896-97 च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून शेकडो मुली आणल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते, म्हणून त्यांना केडगावच्या शेतावर, राहुट्या-झोपड्यांत ठेवावे लागले. 1900 च्या गुजरातेतील दुष्काळानंतर ही वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. एवढा पसारा सांभाळायला मनुष्यबळ कुठून आणायचे? ब्रिस्टलच्या जॉर्ज म्यूलरने अनाथालयासाठी कोणापुढे हात न पसरण्याचे व्रत पाळले होते. त्याचे चरित्र रमाबाईंनी वाचले होते आणि तोच धडा त्यांनी गिरवला. ज्याला आतून हाक येईल त्याने यावे, अशी रीत पडली.

आलेल्यांत ठळक नाव मिनी एब्रम्स यांचे. ही अमेरिकन मेथडिस्ट सेविका 1887 मध्ये मुंबईत आली आणि 1898 मध्ये केडगावात दाखल झाली. 1905 मध्ये मुक्तीत जी धार्मिक जागृती झाली, तिच्यावर त्यांनी पुस्तिका लिहिली. चिलीतील एका जुन्या वर्गमैत्रिणीला त्यांनी ती पाठवली आणि तेथील पेन्टेकोस्टल चळवळीला त्या पुस्तिकेने चालना दिली. दौंड तालुक्यातल्या माळरानावरून निघालेली ही हकिकत मराठी वाचकाच्या फारशी कानावर नसते. आल्बर्ट नॉर्टन या अमेरिकन मिशनऱ्याने मुलग्यांसाठी जवळच दौंडला आश्रम काढला.

प्रत्यक्ष काम मात्र प्रार्थनेइतकेच घाणीचे आणि घामाचे होते. उपासमारीने खंगलेल्या मुलींच्या जखमा धुणे, खरजेला औषध लावणे, केसांतल्या उवा काढणे, पेज पाजणे, हे आधी, अक्षरओळख त्यानंतर. मुलींना इंग्रजी येत नसल्याने पाहुणीलाच मराठी शिकणे भाग होते. धाकट्या मुलींचा सांभाळ बराचसा शारदा सदनात शिकून तयार झालेल्या थोरल्या मुलींनीच केला. परदेशी वृत्तांतांत त्यांच्या वाट्याला क्वचितच नाव आले, ही बाब खटकणारी आहे. माग, तेलाचा घाणा, गोठा, भांड्यांना कल्हई आणि छापखाना हे सारे मुली चालवत. रमाबाईंचे मराठी बायबल याच छापखान्यात मुलींच्या हातून छापले गेले.

रमाबाईंच्या कन्या मनोरमाबाई 1921 मध्ये आणि रमाबाई 5 एप्रिल 1922 रोजी निवर्तल्या. सूत्रे लिसा हेस्टी या परदेशी सहकारिणीकडे गेली, म्हणजे रमाबाईंनी उलटवलेला क्रम पुन्हा रूढ वळणावर आला. स्वातंत्र्यानंतर अशा संस्थांवर सरकारी नियमनही वाढले. परदेशी देणग्यांवर 1976 च्या कायद्याने नियंत्रण आले. 2015 च्या बाल न्याय कायद्याने प्रत्येक बालगृहाला नोंदणी सक्तीची केली.

स्वयंसेवेचे रूपही जगभर पालटले. जन्मभरासाठी येणाऱ्यांची जागा काही आठवड्यांसाठी येणाऱ्या तरुणांनी घेतली. लळा लावून निघून जाणारी माणसे मुलांना अपाय करतात आणि पाहुण्यांच्या पैशासाठी आईबाप असलेली मुलेही अनाथालयांत भरली जातात, अशी टीका होऊ लागली. डिसेंबर 2019 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने अनाथालयांतील स्वयंसेवा-पर्यटनातून मुलांच्या शोषणाला वाट मिळते, याची ठरावात दखल घेतली.