‘सकाल’ कायदा: अर्जाचा नंबर, ठरलेले दिवस आणि चिरीमिरी

उत्पन्नाचा दाखला किती दिवसांत मिळतो, हा प्रश्न आपल्या गावात दहा जणांना विचारून बघा. दहा उत्तरं येतील. कुणी आठवडा म्हणेल, कुणी ‘साहेब असले तर उद्याच’ म्हणेल. फी किती, हे तर त्याहून कमी लोकांना ठाऊक. शे-दोनशेची चिरीमिरी याच अज्ञानावर चालते. खरी मुदत माहीत नसली की ‘लवकर करून देतो’ या शब्दालाही किंमत येते.

कर्नाटकात यावर कायदा आहे. कर्नाटक सकाल सेवा कायदा, 2011 हा 2 एप्रिल 2012 पासून राज्यभर लागू झाला. सुरुवातीला त्यात 11 खात्यांच्या 151 सेवा होत्या, पुढे त्या वाढत गेल्या. कन्नडमध्ये सकाल म्हणजे योग्य वेळ. आपल्या ‘सकाळ’शी त्याचा संबंध नाही, हे सांगावं लागतं, कारण गल्लत होते.

यातली मुख्य गोष्ट पावती. अर्ज दिला की 15 अंकी नंबर असलेली पोचपावती मिळाली पाहिजे. याला जीएससी नंबर म्हणतात. त्या नंबरावरून अर्ज कुठे आहे ते कळतं. ठरलेल्या मुदतीत काम झालं नाही तर दिवसाला 20 रुपये, जास्तीत जास्त 500 रुपये, अर्जदाराला भरपाई मिळते आणि ती जबाबदार कर्मचाऱ्याच्या पगारातून वसूल होते. मुदत टळली किंवा अर्ज फेटाळला, तर 30 दिवसांत सक्षम अधिकाऱ्याकडे अपील करता येतं, त्यानंतर दुसरं अपीलही आहे. फेटाळण्याचं कारण लेखी द्यावं लागतं.

वीस रुपये रोज म्हणजे चहा-भज्यांचे पैसे, असं कुणीही म्हणेल. पण उशीर कुणाच्या टेबलावर झाला याची नोंद होते, आणि नोंदीला कर्मचारी रकमेपेक्षा जास्त घाबरतात.

पळवाट अर्थात आहेच. नंबर दिला नाही तर मुदत सुरूच होत नाही. ‘ठेवून जावा, बघतो’ हे वाक्य त्यासाठीच असतं. एका कार्यालयात मीही असाच कागद ठेवून आलो होतो. तीन आठवड्यांनी गेलो तर तो ड्रॉवरमध्येच होता. कॉमर्स शिकलेल्या माणसानं पावतीशिवाय व्यवहार करावा, ही चूक माझीच. दुसरी पळवाट ‘अजून एक कागद कमी आहे’. त्यासाठी लागणाऱ्या कागदांची यादी आधीच बघून जावं.

माहिती उघडी केल्यानं फरक पडतो, हे कर्नाटकानं याआधी ‘भूमी’ प्रकल्पात पाहिलं होतं. 2001-02 मध्ये सुमारे दोन कोटी जमीन नोंदी संगणकावर आल्या. तलाठ्याच्या मागे फिरून मिळणारा उतारा तालुक्याच्या खिडकीवर 15 रुपयांत मिळू लागला. समोरच्या माणसालाही दिसावा म्हणून तिथे दुसरा स्क्रीन बसवला होता. फेरफाराचे अर्ज आलेल्या क्रमानं निकाली काढायचे, असा नियम झाला.

आता आपल्याकडची खरी अडचण भाषेची. फलक कन्नडमध्ये, म्हातारी माणसं मराठी वाचणारी. मग मधला माणूस लागतो, आणि तो फुकट वाचून दाखवत नाही. माहिती अधिकार कायदा, 2005 च्या कलम 4 नुसार प्रत्येक कार्यालयानं ठरावीक 17 मुद्द्यांची माहिती स्वतःहून जाहीर करायची असते. माहिती देताना स्थानिक भाषा लक्षात घ्यावी, असंही त्याच कलमात आहे. मराठी फलक मागताना हे कलम दाखवता येतं. अर्ज मात्र कन्नड, हिंदी किंवा इंग्रजीत द्यावा. कर्नाटकात फी 10 रुपये, मजकूर 150 शब्दांच्या आत आणि विषय एकच. ‘माझा अर्ज कोणत्या तारखेला कुणाकडे होता?’ एवढा प्रश्न पुष्कळ असतो.

सीमेपलीकडेही असे कायदे आहेत. मध्य प्रदेशानं 2010 मध्ये देशात पहिल्यांदा लोकसेवा हमी कायदा केला. तिथे उशिराला दिवसाला 250 रुपये, कमाल 5000 रुपये दंड होतो आणि त्यातून अर्जदाराला भरपाई देता येते. गोवा व गुजरातचे कायदे 2013 चे. महाराष्ट्राचा लोकसेवा हक्क कायदा 2015 चा, दंड 500 ते 5000 रुपये. ‘आपले सरकार’ पोर्टलवर अर्ज होतात. इंदूर-ग्वाल्हेर किंवा पणजीच्या वाचकांनी आपल्या राज्याची सेवायादी एकदा बघून ठेवावी.

कुणी पैसे मागितलेच, तर कर्नाटकात लोकायुक्त पोलिसांकडे तक्रार करता येते. महाराष्ट्रात लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा क्रमांक 1064 आहे. 2018 च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. जबरदस्तीनं द्यावी लागली असेल तर सात दिवसांच्या आत पोलिसांना किंवा तपास यंत्रणेला कळवलेलं असलं पाहिजे.