मक्त्याचा मुलूख

निजामशाहीच्या उत्तरकाळात मलिक अंबराने नगरच्या मुलखात जमीन-महसुलाची जी घडी बसविली, तिच्यातील एक गोष्ट सहसा आपल्या ध्यानात राहत नाही. त्याने वसुलीचा इजारा मोडला. सरकारचे काम मक्त्याने घेणारा मधला माणूस दूर झाला आणि गावच्या वसुलीची जबाबदारी थेट पाटलावर आली. अंबर १६२६ साली वारला. पावणेदोनशे वर्षांनी तोच मधला माणूस याच मुलखात परतला.

नाना फडणीसांच्या काळचे मामलतदार काही साधुसंत नव्हते. सरकारात आगाऊ भरलेली रसद ते मागाहून व्याजासह वळती करून घेत, वरकमाईही होतीच. परंतु त्यांच्या शेजारी दिवाण, मजुमदार, फडणीस असे दरकदार बसत. त्यांची नेमणूक सरकारातून होई. मामलतदाराला त्यांना काढता येत नसे आणि त्यांच्या निशाणीवाचून कागद पुरा होत नसे. शिवाय हिशेब पुण्याच्या हुजूर दफ्तरात तपासला जाई.

दुसऱ्या बाजीरावाने ही कटकट संपविली. १८०३ मध्ये इंग्रजांनी नगरचा किल्ला शिंद्यांकडून घेतला आणि पुढे हा प्रदेश पेशव्यांकडे आला, तेव्हा होळकरांच्या स्वाऱ्या व १८०३-०४ चा दुष्काळ यांनी रयत खचली होती. अशा वेळी मामलती लिलावात निघू लागल्या. एल्फिन्स्टनने १८१९ च्या अहवालात ही पद्धत वर्णिली आहे. दरबारचा माणूस बोली लावी, आपला नफा चढवून पोटमक्तेदाराला देई, तो तिसऱ्याला, असे करीत ओझे शेवटी पाटलापर्यंत उतरे. पाटलाने मक्ता घेतला तर तो गावचा धनी होई. न घेतला तर मामलतदाराची माणसे दारात उभी राहत. (एल्फिन्स्टन जेता होता, हे विसरू नये, तरी तपशील पटण्याजोगा आहे.)

दाद कोणाकडे मागावी? पेशव्यांच्या कानाशी असलेले त्रिंबकजी डेंगळे आपल्याच जिल्ह्यातील निमगाव जाळीचे. पण १८१४ मध्ये गायकवाडांकडील अहमदाबादचा इजारा संपला, तेव्हा तो सुभा त्यांच्याच हाती गेला. मक्ता वाटणारे आणि मक्ता घेणारे एकाच बैठकीतले होते.

मक्त्याची रक्कम भारी होती, हे दुःख खरेच. माझ्या मते त्याहून मोठी हानी निराळी होती: रक्कम पदरात पडताच ती कशी वसूल झाली हे विचारण्याचा हक्क सरकारने विकून टाकला. दरकदार नावाला उरले.

माहितीच्या अधिकारासाठी पुढे ज्या पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धीहून चळवळ चालली, तो तालुकाही याच जिल्ह्यातला. महाराष्ट्राचा कायदा २००२ चा, केंद्राचा २००५ चा. केंद्राच्या कायद्यात ‘माहिती’ची जी व्याख्या आहे, तिच्यात आदेश व अहवाल यांच्या जोडीला ‘संविदा’ हाही शब्द आहे. म्हणजे सरकारने रस्त्याचा वा टँकरचा ठेका दिला, तर त्याचा करारनामा दहा रुपयांच्या अर्जावर गावकऱ्याला मागता येतो.