जीप (विलीज व महिंद्रा) : टायरनिवड आणि चालनदोष

विलीज-ओव्हरलँड आणि फोर्ड या अमेरिकी कंपन्यांनी 1941 ते 1945 या काळात लष्करासाठी बांधलेली जीप आणि युद्धोत्तर काळात मुंबईच्या महिंद्रा अँड महिंद्रा कंपनीने आधी जुळवलेल्या व पुढे स्वतः बनवलेल्या तिच्या वंशातील जीपगाड्या आज हौसेने जतन केल्या जातात. या गाडीत टायर हा स्टीअरिंगचा आणि फोर-व्हील ड्राइव्हचा एक भागच असतो. म्हणूनच चुकीचा टायर बसवला की दोष स्टीअरिंगमध्ये दिसतो आणि किंगपिन (पुढचे चाक जिच्याभोवती वळते ती खीळ) झिजली की दोष टायरवर ढकलला जातो.

मूळ टायर : युद्धकालीन जीपचे टायर 6.00-16 मापाचे. पहिला आकडा टायरची रुंदी, दुसरा रिमचा व्यास, दोन्ही इंचांत. रिम अवघी साडेचार इंच रुंद. टायरची नक्षी दोन्ही दिशांना सारखी पकड देणारी असल्याने चिखलात पुढे जाताना जेवढा जोर मिळे, तेवढाच मागे येतानाही मिळे. डांबरी रस्त्यावर मात्र ते जाड ठोकळे आवाज करतात, ओल्या रस्त्यावर लवकर सुटतात आणि उंचसखल झिजतात. आतली बांधणी क्रॉसप्लाय, म्हणजे धाग्यांचे थर एकमेकांना तिरके छेदणारे. आपल्याकडची टायरची दुकाने तिला सरळ ‘नायलॉन’ म्हणतात.

क्रॉसप्लाय टायर रस्त्यावरच्या चाकोरीमागे ओढला जातो. त्यातच जीपच्या पुढच्या-मागच्या आसांमधले अंतर फक्त 80 इंच, त्यामुळे चाक जरा वळले तरी गाडी लगेच दिशा बदलते. नव्या मोटारीवरून आलेल्या चालकाला ही जीप रस्ताभर भटकते असे वाटते. यातला थोडा भाग गाडीचा स्वभावच आहे. चाकोरी नसलेल्या सपाट रस्त्यावरही भटकणे थांबत नसेल, तर मात्र तो दोष समजून शोधावा लागतो.

रेडियलचा पर्याय : मिशलँ कंपनीने रेडियल टायर 1949 मध्ये बाजारात आणला. त्यात मुख्य धागे काठापासून काठापर्यंत आडवे जातात आणि तळाखाली पट्ट्याचे थर असतात. त्यामुळे बाजूची भिंत लवचीक राहते आणि तळ रस्त्याला नीट चिकटतो. रोज डांबरावर चालणाऱ्या जीपला रेडियल निश्चितच सुखाचा ठरतो. पण चारही चाकांना एकच प्रकार हवा. पुढे रेडियल आणि मागे नायलॉन ही जोडी सर्वांत घातक. वळणावर पुढची चाके पकड धरतात, मागची आधी सरकतात आणि आखूड गाडी पाहता पाहता फिरते.

रुंदीचा मोह : अनेक मालक 15 इंची रिमवर 215/75 किंवा 235/75 मापाचे टायर चढवतात. पहिल्याचा व्यास साधारण 27.7 इंच, दुसऱ्याचा 28.9 इंच भरतो, म्हणजे उंची मूळच्या आसपास राहते. अडचण रुंदीची आहे. रुंद टायर पूर्ण वळणात स्प्रिंगच्या पाट्याला घासतो. ते टाळण्यासाठी बाहेर काढलेली रिम किंवा स्पेसर लावला, की टायरचा मध्य किंगपिनच्या रेषेपासून दूर जातो. मग प्रत्येक खड्डा स्टीअरिंगला झटका देतो आणि चाकाच्या बेअरिंगवरचा भार वाढतो. पॉवर स्टीअरिंग नसलेल्या या गाडीत पार्किंग करताना हात भरून येतात ते वेगळेच.

चार चाकांचा व्यास : या जीपच्या ट्रान्सफर केसमध्ये पुढच्या व मागच्या आसाला वेगवेगळ्या गतीने फिरू देणारा डिफरन्शियल नाही. फोर-व्हील ड्राइव्ह लावला की दोन्ही आसांचे शाफ्ट एकाच गतीने बांधले जातात. साडेअठ्ठावीस इंच व्यासाचे चाक एका किलोमीटरला सुमारे 440 फेरे घेते. व्यास एक इंचाने कमी असेल तर 456. हा 16 फेऱ्यांचा फरक मातीत चाक घसरून भरून निघतो. कोरड्या डांबरावर चाके घसरत नाहीत, म्हणून शाफ्ट आणि गिअरमध्ये पीळ साचतो, गाडी जड चालते आणि फोर-व्हीलचा दांडा जागचा हलत नाही. अशा वेळी गाडी थोडी मागे घेतली की पीळ सुटतो. सारख्या मापाचे टायर असले तरी कोरड्या पक्क्या रस्त्यावर फोर-व्हील ड्राइव्ह लावू नये.

वॉबलिंग : खड्डा लागताच पुढची चाके डावी-उजवी जोरात फडफडू लागतात आणि वेग उतरवल्याशिवाय थांबत नाहीत. चाकाचे बॅलन्सिंग हे पहिले कारण असू शकते, शेवटचे नव्हे. क्रमाने पाहायचे ते असे : चाकाचे बेअरिंग, किंगपिनची बेअरिंगे, टाय रॉडची टोके, मधला बेलक्रँक, पाट्यांचे बुश व शॅकल, आणि शेवटी चाकांच्या बसणीचे कोन. लष्करी जीपसाठी ठरलेला कास्टर (किंगपिनचा मागे झुकाव) 3 अंश, कॅम्बर (चाकाचा बाहेर झुकाव) दीड अंश आणि टो-इन (चाके पुढून आत वळलेली असणे) 3/64 ते 3/32 इंच. पाटे दबले किंवा शॅकल बदलली की कास्टर बदलतो आणि वळणानंतर स्टीअरिंग आपोआप सरळ होत नाही. किंगपिनचा घट्टपणा शिम घालून साधतात आणि स्प्रिंगकाट्याने ओढून मोजतात. हे काम टाळून नुसता स्टीअरिंग डॅम्पर लावणे म्हणजे दुखणे झाकणे होय. सैल सांधे आत झिजतच राहतात आणि जीव धोक्यात येतो.

हवा आणि वय : मोकळ्या वाळूत हवा कमी केल्याने टायर पसरतो आणि गाडी रुतत नाही. पक्क्या रस्त्यावर येताच ती पुन्हा भरली नाही, तर टायर तापतो आणि स्टीअरिंग जड होते. गॅरेजमध्ये महिनोन् महिने उभ्या राहणाऱ्या जीपच्या टायरला एका जागी सपाटी येते. नक्षी शाबूत असली तरी रबर म्हातारे होते, म्हणून भिंतीवरील चार अंकी तारीख वाचावी : 2319 म्हणजे 2019 चा 23 वा आठवडा. टायर बदलताना आणखी एक खबरदारी हवी. मूळ लष्करी जीपच्या डाव्या बाजूच्या चाकांच्या नटांचे आटे उलटे आहेत. हे ठाऊक नसलेला कारागीर स्टड मोडून ठेवतो.

नोंदणी आणि मूळ रूप : केंद्र सरकारच्या 2021 च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीला 50 वर्षे उलटलेले, मूळ रूपात राखलेले दुचाकी व चारचाकी वाहन विंटेज म्हणून नोंदवता येते, अशा नव्या नोंदणीच्या पाटीवर ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. रुंद रिम व फुगलेल्या मडगार्डांनी रूप बदललेल्या जीपपेक्षा 6.00-16 वर उभी असलेली जीप या कसोटीला सहज उतरते. मूळ मापाचे टायर घेताना चारऐवजी पाच घ्यावेत, कारण स्टेपनी वेगळ्या मापाची असेल तर पंक्चरनंतर ती लावून पक्क्या जमिनीवर येताच फोर-व्हील ड्राइव्हलाच पीळ पडतो.