तळटीप : त्वचेवर उमटलेली जुनी चौकट

* ‘जुनी चौकट पुन्हा लाल झाली’ : हे वर्णन अलंकारिक नाही. किरणोपचार म्हणजे शेक संपून, त्वचा बरी होऊन काही आठवडे, महिने, कधी वर्षे लोटलेली असतात. मग केमोथेरपीचे एखादे औषध शिरेतून जाते आणि नेमक्या त्या शेकलेल्या भागावर लाली, सूज, खाज, क्वचित फोड येतात. बहुधा कडा इतक्या रेखीव असतात, की यंत्राचे किरण कुठवर पडले होते ते नुसत्या डोळ्यांनी दिसावे. शेजारची त्वचा मात्र स्वच्छ.

डॉक्टर याला ‘रेडिएशन रिकॉल’ म्हणतात. ज्युलिओ डॅन्जिओ आणि सहकाऱ्यांनी 1959 मध्ये अ‍ॅक्टिनोमायसिन-डी या औषधाबाबत ते प्रथम नोंदवले. पुढे डॉक्सोरुबिसिन, डोसिटॅक्सेल, जेमसिटाबिन यांचीही नावे जोडली गेली. जेमसिटाबिनचा रोख पुष्कळदा त्वचेखालच्या स्नायूंवर असतो. वरून फारसे काही दिसत नाही आणि दुखणे आत असते.

असे का होते, याचा निर्विवाद उलगडा अजून झालेला नाही. किरणांनी त्वचेतील मूळपेशी दुबळ्या होतात, असे काहीजण मानतात. काहींना ती औषधाची अतिसंवेदनशीलता वाटते.

रुग्णाला हा जंतुसंसर्ग वाटतो, किंवा आजार उलटल्याची धास्ती बसते. म्हणून शेक कुठे आणि केव्हा घेतला, हे नव्या डॉक्टरांना आवर्जून सांगावे. औषध थांबवणे आणि स्टेरॉइड हे नेहमीचे उपाय. तेच औषध पुन्हा दिल्यावर दरवेळी त्रास उलटतोच असे नाही. पण तो निर्णय डॉक्टरांचा. — संपा.