गावगाड्यातील कुंभाराचे स्थान



आपल्या पूर्वजांचे आयुष्य ज्या खेड्यात गेले, त्या खेड्याची व्यवस्था कशी होती, हे नव्या पिढीस ठाऊक असणे अगत्याचे आहे. त्र्यंबक नारायण आत्रे यांनी सन 1915 मध्ये ‘गावगाडा’ या ग्रंथात ती सविस्तर वर्णिली आहे. पाटील-कुलकर्णी कारभार पाहत, कुणबी शेत कसे आणि बारा बलुतेदार आपापल्या कसबाने गावाची गरज भागवीत. त्यांत कुंभार हा एक होता.

कुंभाराने वर्षभर मडकी, घागरी, रांजण पुरवावेत आणि सुगीत खळ्यावर जाऊन धान्याचा वाटा घ्यावा, हा रिवाज होता. त्या वाट्यास बलुते म्हणत. ते दान नव्हते, श्रमाचा हक्क होता. मात्र त्याचे माप कुणब्याच्या हाती असे; दुष्काळात कुणब्याचे खळे रिकामे राहिले की आपलेही घर रिकामे राही.

गावाचा एकही संस्कार आपल्या मातीवाचून पार पडत नसे. संक्रांतीस सुगडे, अक्षय्य तृतीयेस पितरांसाठी पाण्याचा घट, पोळ्यास मातीचे बैल, नवरात्रात देवीचे घट, दिवाळीस पणत्या, लग्नात बोहल्याशी मडक्यांची उतरंड आणि अखेरीस तिरडीपुढे चालणारे विस्तवाचे मडके. याच चाकावर बसून तेर येथील संत गोरोबाकाकांनी विठ्ठलभक्ती केली. याचा अभिमान आपण अवश्य बाळगावा.

परंतु इतिहास लिहिताना केवळ अभिमानाच्याच गोष्टी सांगणे प्रामाणिकपणाचे होत नाही. मातीचे भांडे तांब्या-पितळेप्रमाणे घासून शुद्ध होत नाही, अशी समजूत असल्याने विटाळाचा कडक नियम मडक्यासच लागू झाला. माझ्या बालपणी तेव्हाच्या महारवाड्यातील एक वृद्धा घागर नेण्यास आमच्या दारी येई. माझे वडील घागर तिच्या हाती न देता अंगणात ठेवून मागे सरत. मग ती पुढे होऊन उचलीत असे. तेच वडील पाटलाच्या वाड्यावर गेले की पायरीखाली उभे राहत आणि घरी येऊन त्याबद्दल हळहळत. या दोन्ही गोष्टी एकच आहेत, हे त्यांच्या ध्यानी आले नाही. मलाही शाळेत शिकवू लागल्यावरच उमगले.

सन 1927 मध्ये महाड येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. सन 1950 मध्ये अंमलात आलेल्या राज्यघटनेच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली. पुढे ॲल्युमिनियम, स्टील व प्लॅस्टिकची भांडी घरोघर आली, रोख पैशाचा व्यवहार वाढला आणि बलुत्याची पद्धत ओसरत गेली. कसब गेल्याचे दुःख आहे. पण त्या व्यवस्थेतील पायरी गेली, याचे दुःख मानण्याचे कारण नाही.

तरुणांनी चाकाची लाज बाळगू नये. त्याचबरोबर एवढेही स्मरणात ठेवावे की, पाटलाच्या वाड्यातील रांजण आणि त्या वृद्धेची घागर एकाच मातीची होती व एकाच आव्यात भाजली होती. आपल्या आजोबा-पणजोबांच्या हातांस हे ठाऊक होते. मनास ते पटण्यास मात्र फार विलंब लागला. आपण तो लावू नये, एवढीच विनंती.