हेळवाकचं वळण

'हान्सा ट्यूटोनिका' नावाचा एक बोर्डगेम आहे. अँड्रियास स्टेडिंग या जर्मन डिझायनरने तो २००९ मध्ये आणला. पटावर मध्ययुगीन जर्मनीतली व्यापारी शहरं आणि त्यांना जोडणाऱ्या वाटा आहेत. दोन शहरांमधल्या वाटेवरच्या सगळ्या जागा आपल्या ठोकळ्यांनी भरल्या, की टोकाच्या शहरात पेढी उघडता येते. फासे नाहीत, लढाया नाहीत. ज्याच्या हातात वाट, त्याचा डाव.

पुण्यातल्या मित्रांबरोबर मी हा गेम बराच खेळलोय. पण मी कोयनानगरचा, त्यामुळे पट मांडला की मला दाभोळ ते कऱ्हाड ही वाट दिसायला लागते.

नकाशावर बघा. कोयना महाबळेश्वरला उगम पावते आणि सह्याद्रीला समांतर दक्षिणेकडे वाहते. हेळवाकला ती अचानक पूर्वेला वळते आणि पाटणवरून कऱ्हाडला कृष्णेला मिळते. या वळणाच्या पश्चिमेला कुंभार्ली घाट, घाटाखाली चिपळूण आणि तिथून वाशिष्ठीची खाडी थेट दाभोळ बंदराला. म्हणजे समुद्रातून आलेला माल होडीने चिपळूणपर्यंत, बैलांच्या पाठीवर घाटावर आणि मग नदीकाठाने देशावर. चिपळूण ते कऱ्हाड हे अंतर सुमारे १०० किलोमीटर. मीठ, सुकी मासळी, नारळ वर यायचं. धान्य, गूळ, कापड खाली जायचं. पावसाळ्यात समुद्रही बंद आणि घाटही. या वाटेजवळ, नवजाच्या जंगलात, जंगली जयगड उभा आहे.

दाभोळ हे बहमनींचं आणि नंतर आदिलशाहीचं मोठं बंदर. रशियन व्यापारी अफनासी निकितिन १४७० च्या दशकात इथूनच जहाजात बसून होर्मुझला निघाला. अरबस्तान, खुरासानातून इथे घोडे उतरतात, असं त्याने लिहून ठेवलंय. घोडा म्हणजे त्या काळचं सगळ्यात महागडं युद्धसाहित्य. बंदर हातात असलं, तरी घोडा घाट चढून वर आल्याशिवाय सुलतानाच्या काय कामाचा?

गेममध्ये एक नियम मला फार आवडतो. दुसऱ्याचा ठोकळा वाटेवरून हटवता येतो, पण हटवणाऱ्याला जास्तीची किंमत मोजावी लागते. आणि ज्याला हटवलं, त्याला शेजारच्या वाटेवर जागा मिळते, वर एक जादा ठोकळाही. त्यामुळे कधीकधी खेळाडू मुद्दाम अडवून बसतात. हटवलं तर फायदाच!

खऱ्या पटावर हा नियम नव्हता. मार्च १५०८ मध्ये चौलच्या लढाईत पोर्तुगीज व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द आल्मेदाचा मुलगा मारला गेला. त्या वर्षाच्या डिसेंबरअखेर आल्मेदाने दाभोळवर हल्ला करून शहर जाळलं, माणसं कापली. १५१० मध्ये गोवा घेतल्यावर पोर्तुगीजांनी घोड्यांची जहाजं तिकडे वळवायला सुरुवात केली. दाभोळ पुन्हा उभं राहिलं, पण समुद्रावर आता परवाना पोर्तुगीजांचा होता.

वाट वळवायला प्रत्येक वेळी आग लावावी लागत नाही. १६७१ मध्ये बारदेशातलं मीठ स्वस्त पडायला लागलं. व्यापारी तिकडे गेले तर संगमेश्वरचं मीठ पडून राहणार. शिवाजी महाराजांनी कुडाळच्या सरसुभेदाराला पत्र धाडून बारदेशच्या मिठावर जबर जकात बसवायला सांगितलं. तलवार न उपसता व्यापाऱ्यांचे बैल स्वराज्यातल्या बाजारपेठेकडे वळवायचे. कुठल्याही गेममध्ये ही चाल बघून समोरचा कपाळावर हात मारेल.

आज या डोंगरातून जाणारा सगळ्यात मोठा माल म्हणजे पाणी. १९६४ मध्ये धरण पूर्ण झालं. पूर्वेला कऱ्हाडकडे जाणाऱ्या कोयनेचं पाणी बोगद्यांतून पश्चिमेला पोफळीकडे उतरतं, वीज बनवतं आणि वाशिष्ठीतून दाभोळच्या खाडीला जातं. प्रकल्पाची क्षमता १,९६० मेगावॉट. त्यासाठी वरच्या खोऱ्यातली गावं पाण्याखाली गेली. माणसं ठाणे, रायगड, सांगली, सोलापूर अशी विखुरली. पुनर्वसनाच्या मागण्या घेऊन त्यांची नातवंडं अजून आंदोलनाला बसतात.

शाळेत आम्हाला धरणाची उंची पाठ होती. त्याआधी इथे काय होतं, हे कुणी विचारलं नाही. बैल हाकणारे, मीठ उतरवणारे, खोरं सोडून गेलेले, यांच्यातल्या कुणाचीच कधी पेढी उघडली नाही. वाट मात्र त्यांच्याच पायांनी पडली.

कुंभार्ली घाटाचा बोर्डगेम बनवायचं माझ्या डोक्यात आहे. त्यात चार महिने पाऊस असेल, मिठावर जकात असेल, जंगली जयगड असेल. आणि स्टेडिंगचा एक नियम मी जसाच्या तसा उचलणार आहे: ज्याला हटवलं, त्याला आधी जागा द्यायची, मगच पुढची चाल.